डिफेन्समनचे दात

आई, परवा तो दात काढला. वरचा, समोरचा, डावीकडचा. इथेच ॲन आर्बरमध्ये एका तरुण डेंटिस्ट मुलीकडे गेलो होतो. तिनं एक्सरे स्क्रीनवर मोठा करून दाखवला आणि म्हणाली की मूळ जवळजवळ विरघळून गेलंय, आता या दाताला धरून ठेवणारं काही उरलेलं नाही. मग जरा थांबून विचारलं, "हा पूर्वी एकदा पूर्ण बाहेर येऊन परत बसवलेला आहे ना?" मी म्हटलं, हो, हॉकी खेळताना. "कोणी बसवला? फार नीट बसवलाय. असे दात सहसा इतकी वर्षं टिकत नाहीत." मी म्हटलं, माझ्या आईनं. तिला वाटलं मी गंमत करतोय. तोंडाचा एक भाग बधिर झाला होता, त्यामुळे सगळं समजावून सांगणं जमलं नाही. घरी आलो, बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून माझ्या हिरडीतली ती फट बघितली आणि म्हणाले, "तिला सांगायला हवं." पण तुला सांगायचं म्हणजे काय करायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं. म्हणून आज हे लिहायला बसलोय.

मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत बोललो की तुला ऐकूच यायचं नाही. मी लहानपणी टेबलावरून दूध मागायचो, इंग्रजीत, आणि तू शांतपणे पोळ्या लाटत राहायचीस. मराठीत मागितलं की लगेच कप समोर. माझं लिहिणं तेव्हापासून फारसं सुधारलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसतील त्या सोडून दे.

नागपूरहून आपण आलो तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. जानेवारी होता. बाबांना गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली होती आणि तू धरमपेठेतला तुझा स्वतःचा दवाखाना मैत्रिणीच्या हवाली करून आली होतीस. आपल्या अपार्टमेंटच्या मागचं तळं गोठून टणक झालं होतं आणि त्यावर पोरं हॉकी खेळत होती. तू खिडकीत उभी राहून बघत होतीस. "पायांना सुऱ्या बांधून सोडलंय पोरांना," तू बाबांना म्हणालीस, "आणि वर हातात काठ्या दिल्यात." मला मात्र दुसरं काही दिसतच नव्हतं. त्या हिवाळ्यात शेजारच्यांच्या मुलाचे जुने स्केट्स मिळाले, पुढच्या हिवाळ्यात गावातल्या रिंकवर, बंदिस्त बर्फाच्या मैदानावर, नाव घातलं. मला पुढे जाण्यापेक्षा उलटं जाणं आधी जमलं. का, कोण जाणे. कोचनं ते बघितलं आणि मला मागे ठेवलं. तेव्हापासून मी डिफेन्समन. म्हणजे आपल्या गोलकीपरच्या पुढ्यात राहणारा, समोरून धावून येणाऱ्याकडे तोंड करून उलटं सरकत जाणारा, त्याची वाट अडवणारा, आणि वेळ आली तर ती काळी रबरी चकती, पक म्हणतात तिला, स्वतःच्या अंगावर झेलणारा. गोल करणं त्याचं काम नसतं, होऊ न देणं असतं. बाबांना हे पटायला फार वर्षं लागली. प्रत्येक मॅचनंतर गाडीत बसलं की ते विचारायचे, "आज गोल का नाही केलास?" आणि तू पुढच्या सीटवरून म्हणायचीस, "अहो, तो अडवणारा आहे. त्याला काय विचारता?"

इथे तुझी नागपूरची डिग्री चालत नव्हती. तू एका क्लिनिकमध्ये असिस्टंट होतीस. तुझ्याहून वयानं लहान डॉक्टरच्या हातात अवजारं द्यायचीस, पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढून घ्यायचीस, एक्सरे काढायचीस. शाळा सुटली की बस मला तिथेच सोडायची. मागच्या खोलीत, जिथे अवजारं उकळून निघायची, तिथल्या स्टुलावर बसून मी होमवर्क करायचो. लवंगेच्या तेलाचा वास आला की आजही मला गुणाकार आठवतात. तू कामावर नाराज आहेस असं मला कधी वाटलं नाही. पण एकदा एक बाई तुला म्हणाल्या की तुम्ही किती हलक्या हातानं करता, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं. तू हसून थँक्यू म्हणालीस, आणि गाडीत बसल्यावर बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिलीस.

पण माझ्या टीमची डेंटिस्ट तूच होतीस. एका शनिवारी तू डॉक्टरांना विचारून क्लिनिक उघडून घेतलंस आणि सगळी पोरं ओळीनं खुर्चीत बसवलीस. प्रत्येकाच्या तोंडात तो गुलाबी थंड लगदा, प्रत्येकाचा साचा, आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येकाचा आपापल्या मापाचा माउथगार्ड. पोरांची नावं तुला कधीच पाठ झाली नाहीत. तू त्यांना दातांवरून ओळखायचीस. "तो वरचे दोन पुढे आलेला कुठे गेला? आज दिसत नाही." "त्या गॅपवाल्यानं तुला पास का नाही दिला?" मोठं झाल्यावर त्यातला एकजण मला एका लग्नात भेटला. त्यानं पहिलं वाक्य बोलायच्या आधी तोंड उघडून मला दात दाखवले. सगळे जागेवर होते.

तू मला रागावलेली एकच वेळ मला नीट आठवते. मी बारा वर्षांचा असेन. मोठे खेळाडू माउथगार्ड अर्धा बाहेर काढून चघळत फिरतात, ते बघून मीही तसंच करायला लागलो होतो. तू वर प्रेक्षकांत बसून बघत होतीस. घरी आल्यावर ताट वाढलंस, वरण, भात, वर तूप, आणि ताटाशेजारी तो चावून चावून चोथा झालेला माउथगार्ड ठेवलास. आवाज चढवला नाहीस.

"हे काय आहे?"

"माउथगार्ड."

"कशासाठी असतं?"

मी ताट जवळ ओढलं.

"मी हे तुला मिरवायला नाही दिलेलं. दात पडला तर मी नवा करून देईन रे, तेवढं मला येतं. पण तो तुझा नसेल." मग स्वतःच चमचा पुढे केलास. "जेव आता. गार होतंय."

मी सोळा वर्षांचा झालो त्या वसंतात दोन फोन आले, एकाच आठवड्यात. एक मला: आयोवातल्या एका ज्युनियर टीमला मी हवा होतो. त्यासाठी घर सोडून, तिथल्या एका कुटुंबात राहून, तिथल्याच शाळेत जायचं होतं. दुसरा तुला: परदेशी डेंटिस्टांसाठीचा युनिव्हर्सिटीचा जो कोर्स असतो, ज्यासाठी तू दोनदा अर्ज करून नकार ऐकला होतास, त्यात तुला प्रवेश मिळाला होता. स्वयंपाकघरात आपण तिघं उभे होतो. कोणी बसलंच नाही. बाबा एकदा तुझ्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे हा तिकडे," बाबा म्हणाले, "आणि तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॉलेजात. मी काय करून राहू?"

"कुकर लावायला शिका," तू म्हणालीस.

मला वाटलं होतं तू मला थांबवशील. अभ्यास, वय, थंडी, परकं घर, कारणांची काही कमी नव्हती. मी माझी उत्तरं तयार ठेवली होती. तू ओट्यावरचं फडकं धुतलंस, पिळलंस, वाळत घातलंस, मग म्हणालीस, "मी तुला नको म्हटलं तर उद्या मी कोणत्या तोंडानं दप्तर उचलू? तू जा. मी पण जाते."

ते दिवस मला फार प्रिय आहेत, आई. बेचाळिसाव्या वर्षी तू चोवीस वर्षांच्या मुलामुलींच्या वर्गात बसत होतीस आणि मी बर्फावर एकटाच सावळा होतो. दर रविवारी दुपारी फोन. आधी तू विचारायचीस, जेवलास का, मग मी विचारायचो, तू जेवलीस का, आणि मग आपण दोघं आपापल्या कोचबद्दल तक्रारी करायचो. तुझे ते प्रोफेसर तुझ्या हातातलं काम घेऊन उजेडात धरायचे आणि काही न बोलता परत द्यायचे. माझे कोच काही न बोलता मला बेंचवर बसवायचे.

"आज त्यांनी माझा दाताचा क्राउन पुन्हा करायला सांगितला," तू एकदा म्हणालीस. "मी नागपुरात वर्षानुवर्षं क्राउन केलेत."

"मला आज एक मिनिटपण बर्फावर नाही उतरवलं."

"का?"

"म्हणाले, तू घाई करतोस. समोरचा हलायच्या आधी तूच हलतोस."

मग म्हणालीस, "मलाही तेच म्हणाले. घाई." आणि तू हसायला लागलीस, आणि मीही, आणि त्या परक्या घरातल्या काकू, ज्यांना मी तिथे नावानंच हाक मारायचो, दारातून डोकावून बघून गेल्या की हा एवढा का हसतोय.

तू पास झालीस. मला मोठ्या टीमांनी निवडलं नाही, पण मिनेसोटातल्या एका कॉलेजात जागा मिळाली, आणि नंतर मोठ्या लीगच्या खालच्या लीगमध्ये करार. तिथे आम्ही बसनं फिरायचो, खेळायचो, आणि वरून बोलावणं येण्याची वाट बघायचो. तू तोपर्यंत एका क्लिनिकमध्ये डॉक्टर झाली होतीस. दारावर तुझं नाव होतं. बाबांनी त्या दाराचा फोटो नागपूरला सगळ्यांना पाठवला होता.

आता त्या रविवारबद्दल. मिशिगनच्या पश्चिमेला, तलावाकडच्या एका गावात आमची मॅच होती, दुपारची. घरापासून दोनेक तासांवर, म्हणून तू आणि बाबा गाडी घेऊन आला होतात. सकाळपासून बर्फ पडत होता. मॅचच्या तीनपैकी दुसऱ्या भागात एकानं शॉट मारायला काठी मागे नेली, मी आडवा झालो, चकती माझ्या पॅडला लागली, आणि त्याची काठी उलटून माझ्या तोंडावर आली. दुखलं नाही. फक्त तोंडात अचानक जागा झाल्यासारखं वाटलं. बर्फावर लाल थेंब आणि त्यात काहीतरी पांढरं. आमच्या सामानवाल्या माणसानं ते उचललं आणि मला आत नेलं.

मॅचसाठी नेमलेले तिथले डेंटिस्ट बर्फामुळे हायवेवर अडकले होते. ट्रेनर त्यांच्याशी फोनवर बोलत होता. मी टेबलावर पडलो होतो, तोंडात कापूस, आणि दारात गडबड ऐकू आली. सिक्युरिटीचा माणूस म्हणत होता, मॅम, इथे फॅमिलीला येता येत नाही. आणि मग तुझा आवाज, तुझ्या क्लिनिकमधला, जो मी घरी कधी ऐकला नव्हता. "मी डेंटिस्ट आहे. मी त्याची आईसुद्धा आहे, पण ते नंतर."

तू कोट काढून खुंटीला अडकवलास, हात धुतलेस, ट्रेनरच्या फोनवर त्या डेंटिस्टांशी दोन मिनिटं बोललीस. मग म्हणालीस, दात कुठे आहे? सामानवाल्यानं मूठ उघडली. तू तो वरच्या टोकाला धरलास, मुळाला बोट न लावता, आणि तो जिवंत ठेवायला दूध मागितलंस. कॉफीच्या टेबलावरचं दूध आलं. त्या दोन मिनिटांत तू माझ्या डोळ्यांकडे एकदाही बघितलं नाहीस. तिथेच ठेवलेली डेंटिस्टांची पेटी उघडून इंजेक्शन दिलंस. "तोंड उघड," तू मराठीत म्हणालीस. "आणखी. आणखी थोडं. शाब्बास." इतक्या लोकांसमोर तू मला शाब्बास म्हणालीस, आणि मला आपल्या जुन्या क्लिनिकमधली ती खुर्ची आठवली. मग तुझा अंगठा माझ्या हिरडीवर, सावकाश, घाई न करता, आणि एका क्षणी काहीतरी आपल्या जागेवर बसल्याचं मला आत, कानाजवळ ऐकू आलं. तू पातळ तारेनं तो शेजारच्या दातांना बांधलास. तुझा हात जराही हलला नाही.

तिसरा भाग सुरू होत होता. बाहेरून भोंगा ऐकू आला. ट्रेनर तुझ्याकडे बघत होता, मीही. तू हातमोजे काढलेस.

"खेळायचंय?"

मी मान हलवली.

"मी नाही म्हटलं तर ऐकशील?"

तोंड बांधलेलं होतं. मी खांदे उडवले.

"मग मी विचारतच नाही," तू म्हणालीस, आणि ट्रेनरकडे वळून इंग्रजीत सांगितलंस की याला पूर्ण जाळीचं हेल्मेट द्या, नाहीतर मी त्याला इथून हलू देणार नाही. कोट घातलास आणि वर निघून गेलीस. बाबा दोन कॉफ्या हातात धरून तुझी वाट बघत उभे होते. मला लागलं तेव्हा ते कॉफीच्या रांगेत होते, आणि तू बाथरूमला गेली आहेस असं त्यांना वाटलं होतं. आम्ही ती मॅच हरलो.

नंतर रस्त्यावरच्या एका डायनरमध्ये आपण बसलो. बाबांना तू तेव्हा सगळं सांगितलंस आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला नळीनं गार सूप. मला वाटलं आता बोलणी बसतील. बाहेरचं खाणं तुला कधी आवडलं नाही, प्रवासात तू डबाच घ्यायचीस, पण त्या दिवशी तू फ्रेंच फ्राइजची एक प्लेट संपवलीस, दुसरी मागवलीस, तीही संपवलीस, बोटं चाटत, मान खाली घालून. मी कुणालाच इतकं भुकेनं खाताना बघितलेलं नव्हतं. शेवटी कागदाला हात पुसत म्हणालीस, "महिनाभर पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायचा नाही. कळलं?"

पुढच्या उन्हाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. हे तुला मी काय सांगू. तुला आमच्याआधी समजलं, डॉक्टर काय बोलतायत ते. सीझन सुरू झाला तरी मी गेलो नाही, आणि टीमनंही मला काही म्हटलं नाही. तुझे पेशंट दाराशी येत, फुलं ठेवत, हळू आवाजात बोलून जात. तुझं नाव त्या दारावर लागून फार वर्षं झालेली नव्हती, तरी इतके लोक. एका सकाळी मी तुझ्या उशाशी बसलो होतो, तू डोळे उघडलेस आणि बोट वर केलंस. मला कळलं. मी खाली वाकलो, तू तो दात दोन्ही बाजूंनी हलवून बघितलास.

"नाही हलत," तू म्हणालीस. समाधानानं, पेशंटला सांगावं तसं.

तू गेलीस ती ऑक्टोबरमध्ये, अंगणातल्या मेपलची पानं गळत असताना. बाबा कुकर लावतात आता रोज. शिट्ट्या मोजायला मात्र अजून विसरतात.

बाकीचं पटकन सांगतो. मी टीमकडे परत गेलो, आणि त्याच सीझनच्या शेवटी वरच्या टीमचे दोन डिफेन्समन जखमी झाले आणि मला बोलावणं आलं. मी परत खाली जाईन असं सगळ्यांना वाटलं, मलाही, पण मी राहिलो. मोठा खेळाडू मी कधीच नव्हतो. शेवटच्या जोडीतला, कमी वेळ उतरणारा, आघाडी टिकवायची असली की पाठवला जाणारा. तीन टीमा झाल्या, तीन गावं. अधूनमधून मॅच बघायला आलेलं एखादं देशी कुटुंब काचेजवळ थांबायचं, काका-काकू, दोन मुलं, आणि काका मराठीत विचारायचे, तुम्ही मूळचे कुठले हो? नागपूर म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. बाबा प्रत्येक मॅच टीव्हीवर बघायचे आणि फोन करून म्हणायचे, "आज छान अडवलंस." गोलबद्दल विचारणं त्यांनी कायमचं बंद केलं. मग उजवा गुडघा गेला, दोनदा ऑपरेशन झालं, आणि एका सप्टेंबरमध्ये मी सराव शिबिराला गेलोच नाही. आता इथल्याच एका कॉलेजच्या टीममध्ये डिफेन्समनांना शिकवतो. त्यांना म्हणतो, घाई करू नका. वाईट दिवस नाहीत, आई. बाबा माझ्याकडेच राहतात. संध्याकाळी आम्ही दोघं एक चक्कर मारतो, ते सावकाश, मी लंगडत, म्हणजे वेग सारखाच.

एक गोष्ट राहिली. मोठ्या लीगमधल्या माझ्या पहिल्या मॅचबद्दल लोक अजून विचारतात. आई असायला हवी होती असं वाटलं असेल ना, असं म्हणतात, आणि मी हो म्हणतो. बाबांनाही तेच सांगितलंय. पण लहानपणापासून तू जिथे जिथे बसायचीस, तिथे माझी एक नजर असायची. शिटी वाजली की वर बघायचो, तू तोंडावर हात ठेवला आहेस का, उभी राहिली आहेस का, ठीक आहेस का. एका डोळ्यानं समोरचा खेळाडू, एका डोळ्यानं तू. त्या दिवशी एवढं मोठं स्टेडियम, आणि त्यात एकही जागा अशी नव्हती जिकडे मला बघायला हवं होतं. मी पहिल्यांदा पूर्ण मॅच खाली, फक्त बर्फाकडे बघून खेळलो. चांगला खेळलो, आई. आणि मला हलकं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तू समोर असतीस तर तुलाही सांगितलं नसतं.